पनवेलच्या पुढे पेणपर्यंत : लोकलच्या मागणीचा प्रकरण अभ्यास

पनवेल ते पेण हे रेल्वेचं अंतर सुमारे ३५ किलोमीटर. मध्ये सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते आणि हमरापूर अशी पाच स्थानकं. मार्ग दुहेरी आहे, विद्युतीकरण झालेलं आहे आणि मेमूच्या, म्हणजे कमी अंतराच्या विजेवरच्या साध्या गाडीच्या, मोजक्या फेऱ्या आजही होतात. रूळ आहेत, वीज आहे, स्थानकं आहेत, मग लोकल का नाही, हा पेणकरांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो ज्या रूपात विचारला जातो त्या रूपात त्याला उत्तर मिळत नाही. ‘पेणपर्यंत लोकल न्यावी’ एवढं एक वाक्य, खाली हजारो सह्या, असं निवेदन जातं. ते टेबलाटेबलांवरून फिरतं आणि शेवटी ‘मागणीची नोंद घेण्यात आली आहे’ अशा एका ओळीचं पत्र घेऊन परत येतं.

याचं कारण सरळ आहे. या एका मागणीत पाच वेगवेगळे निर्णय आहेत: फलाट, गाडी, वेळापत्रकातली जागा, भाडं आणि पैसा. हे पाचही निर्णय वेगवेगळ्या खात्यांत होतात. ज्या टेबलावर ज्याचा निर्णय होतो तेवढाच तुकडा त्या टेबलावर ठेवला, तर ‘हे आमच्याकडे नाही’ असं कुणाला म्हणता येत नाही. पनवेल–पेणचं प्रकरण या दृष्टीने तपासलं, तर वाट कुठे अडली आहे आणि कुठून मोकळी करता येईल, हे बरंच स्पष्ट दिसतं.

भाग कसा बदलला

दिवा–पनवेल मार्ग १९६४ मध्ये सुरू झाला, १९६६ मध्ये तो आपट्यापर्यंत गेला आणि १९८६ मध्ये रोह्याला पोचला. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये. त्याच वर्षी हार्बरची लोकल पनवेलला आली. तेव्हापासून आजपर्यंत या मार्गावर उपनगरी सेवेची हद्द पनवेल हीच राहिली, वस्ती मात्र तिथे थांबली नाही.

पाताळगंगा आणि रसायनीची औद्योगिक वसाहत जुनीच आहे. हमरापूर, जिते, कळवे या गावांतले गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात आणि त्यांना लागणारे कारागीर रोज ये-जा करतात. त्यात नवी भर मोठी आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी २०२४ मध्ये एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. ज्याला लोक ‘तिसरी मुंबई’ म्हणतात ते हेच. पेण आता मुंबई महानगर प्रदेशात मोडतं.

मागणीच्या दृष्टीने यातला कामाचा मुद्दा हा की नियोजन प्राधिकरण ठरलेलं आहे. कोणत्या स्थानकाभोवती किती वस्ती येणार, हे कागदावर मांडण्याची जबाबदारी आता कुणाची तरी आहे, आणि तो कागद मागता येतो. वस्ती आधी आणि रेल्वे मागून, या क्रमाने काय होतं हे दिवा स्थानकाच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

कुणाच्या दारात जायचं

इथे बऱ्याच निवेदनांची पहिलीच पायरी चुकते. पेण कोकणात आहे म्हणून पत्र कोकण रेल्वेच्या बेलापूरच्या कार्यालयात जातं. कोकण रेल्वेची हद्द रोह्याला सुरू होते. पनवेल ते रोहा हा मार्ग मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाचा आहे, म्हणजे पहिलं दार मुंबईच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं. कोकण रेल्वेचा संबंध येतो तो वेळापत्रकापुरता, कारण तिच्या गाड्या याच रुळांवरून येतात. त्यामुळे पत्राची प्रत तिथे जरूर द्यावी, उत्तर मात्र तिथून मागू नये.

पुढची दारं अशी. स्थानक आणि फलाटाची छोटी कामं, गाड्यांच्या वेळा, थांबे हे विभागीय पातळीवर हलतं. नवी गाडी, रेकची, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या संचाची, वाटणी आणि मोठ्या कामांची मंजुरी क्षेत्रीय मुख्यालयातून रेल्वे बोर्डाकडे जाते. उपनगरी प्रकल्प म्हणून काही उभं करायचं तर मुंबई रेल्वे विकास महामंडळ, म्हणजे एमआरव्हीसी, आणि राज्याचं नगरविकास खातं. एमआरव्हीसी १९९९ मध्ये स्थापन झालं आणि त्यात रेल्वेचे ५१ टक्के, राज्याचे ४९ टक्के भाग आहेत. एमयूटीपी, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, याच्या कामांचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. म्हणून ‘हा केंद्राचा विषय आहे’ असं आमदार म्हणाले, तर ते अर्धंच खरं आहे. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३ मध्ये विरार–डहाणू चौपदरीकरण आणि पनवेल–कर्जत मार्ग आला, पेण आलं नाही. पुढच्या टप्प्याच्या यादीत नाव घालायचं तर राज्याची शिफारस लागते. ती शिफारस मिळवणं हे आमदार, पालकमंत्री आणि एमएमआरडीए यांचं काम.

विभागीय आणि क्षेत्रीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समित्या आहेत. त्यात सदस्य असलेल्या माणसाला विषय लेखी देऊन तो बैठकीच्या कार्यसूचीत घालायला लावणं फार मोलाचं, कारण कार्यसूचीतल्या विषयाला रेल्वेला लेखी उत्तर द्यावं लागतं. ऐनवेळी तोंडी मांडलेला विषय इतिवृत्तात एका ओळीत उरतो.

पेणकर जातो कुठे

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. मागणी असते ‘सीएसएमटी–पेण लोकल’ची. हिशेब करून बघू. पेण ते पनवेल सुमारे ५० मिनिटं धरली आणि पनवेल ते सीएसएमटी हार्बरने सुमारे ८० मिनिटं. थेट गाडी मिळाली तरी सव्वादोन तास बसून राहायचं. रोज जाऊन-येऊन साडेचार तास. असा प्रवास करणारे थोडेच, आणि जे करतील त्यांच्यासाठी हार्बरवर आधीच दाटीने धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक हलवायला रेल्वे तयार होत नाही. पनवेलला हार्बरचे फलाट आणि दिवा–रोहा मार्गाचे फलाट वेगळे आहेत. एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूला काढायची म्हणजे मधल्या मार्गिका अडवून काढायची.

पेण, हमरापूर, रसायनीचा रोजचा प्रवासी मुख्यतः जातो पनवेल, खांदेश्वर, बेलापूर, तुर्भे इकडे, आणि दुसरीकडे कळंबोली, तळोजा, दिवा, डोंबिवली, ठाण्याकडे. दिवा–पनवेल मार्ग कळंबोली आणि तळोज्यावरूनच जातो. म्हणून या मार्गाला शोभणारी मागणी दोन भागांची आहे: पेण–पनवेल ठरावीक अंतराने धावणारी गाडी, आणि त्यातल्या काही फेऱ्या थेट दिव्यापर्यंत. पनवेलला हार्बर आणि ठाण्याच्या गाड्यांशी दहा-बारा मिनिटांत जोड मिळाली, तर सीएसएमटीला जाणाऱ्याचीही सोय होते. मागणी लहान वाटते, पण लोकांच्या रोजच्या पायाखालची आहे आणि तिला ‘हार्बरवर जागा नाही’ हे उत्तर लागू पडत नाही.

विजेचा अडथळा तर कधीच संपला. हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर आला. ‘दोन्हीकडची वीज वेगळी आहे’ हे उत्तर अजून कुणी तोंडावर फेकलं, तर ही तारीख पुढे करावी.

माणसं मोजायची कशी

सह्यांच्या गठ्ठ्याला रेल्वेत किंमत नाही. तिथे चालतात ते दोन आकडे: तिकीटविक्री आणि रस्त्यावरचे प्रवासी.

पहिला आकडा माहितीच्या अधिकारात मिळतो. अर्ज मध्य रेल्वेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, न मिळाल्यास किंवा अपुरं मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करता येतो. प्रश्न मोघम नको. असा लिहावा: ‘सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर व पेण या स्थानकांवर गेल्या ३ आर्थिक वर्षांत विकलेली अनारक्षित तिकिटं आणि मासिक व त्रैमासिक पास, स्थानकनिहाय व महिनानिहाय.’ मोबाइलवरून काढलेली तिकिटं वेगळी मागावीत, नाहीतर ती स्थानकाच्या खात्यात दिसत नाहीत आणि आकडा उगाच कमी येतो. एका मासिक पासामागे रेल्वे ५० प्रवास धरते. हा गुणाकार निवेदनात स्वतः करून दाखवावा.

आकडे वाचताना २०२० ते २०२४ हा काळ जपून घ्यावा. कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लागत होतं, किमान तिकीट १० रुपयांचं ३० झालं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुनं साधारण भाडं परत आलं. त्या आधीचा प्रवासी कमी दिसतो तो भाड्यामुळे, आणि ‘प्रतिसाद नाही’ असं म्हणणाऱ्याला हे दाखवून द्यावं लागतं.

दुसरा आकडा स्वतः मोजायचा. पेण एसटी स्टँड, रामवाडी नाका आणि पनवेल स्टँड या तीन ठिकाणी, सकाळी ५.३० ते १०.३० आणि संध्याकाळी ४.३० ते ९.३०. दर १५ मिनिटांचा एक रकाना. त्यात वाहन कोणतं, पाटीवरचं ठिकाण, चढले किती, उभे किती. प्रत्येक मोजणाऱ्याबरोबर एक लिहिणारा हवा, कारण एकाच माणसाने दोन्ही केलं की गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमका हवा असतो तेव्हाच, आकडा सुटतो. एसटीबरोबर इको आणि मिनीडोर या खासगी प्रवासी गाड्याही मोजाव्या लागतात. दिवस मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ अलिबागला जाणाऱ्या पर्यटकांची गर्दी असते, ती रोजच्या प्रवाशांत धरू नये. संकष्टी आणि अंगारकी टाळावी. पालीच्या बल्लाळेश्वराला निघालेले भाविक आकडा फुगवतात आणि रेल्वेचा अधिकारी ते एका नजरेत ओळखतो. एक मोजणी पावसाळ्यात आणि एक कोरड्या दिवसांत करावी.

मोजलेला प्रत्येक प्रवासी रेल्वेला येईल असं धरू नये. रांगेत उभ्या असलेल्या लोकांना तीन प्रश्न पुरतात: घर कुठे, उतरणार कुठे, रोज जाण्याला पैसे किती. ज्याचं घर आणि काम दोन्ही स्थानकांपासून चालण्याच्या किंवा एका शेअर रिक्षाच्या टप्प्यात आहे तोच धरावा. आकडा निम्म्यावर येईल. आला तर येऊ द्यावा. तो टिकणारा आकडा असतो.

गाड्या किती लागतील

हे गणित निवेदनात घातलं की बोलणं एकदम वेगळ्या पातळीवर जातं. एका बाजूला ५० मिनिटं, दोन्ही टोकांना प्रत्येकी १५ मिनिटं थांबा, म्हणजे एका रेकचा पूर्ण फेरा १३० मिनिटांचा. दर तासाला गाडी हवी तर १३० भागिले ६०, म्हणजे २ पेक्षा थोडे जास्त, म्हणून ३ रेक. दर ४५ मिनिटांना हवी तर १३० भागिले ४५, म्हणजे २.९, तेही ३ रेकच. म्हणजे तासाची आणि पाऊण तासाची सेवा रेकच्या हिशेबात सारख्याच किमतीला पडते. हे लक्षात न घेता ‘दर तासाला एक गाडी द्या’ म्हणणं म्हणजे हातातलं सोडून देणं. अर्ध्या तासाला गाडी हवी तर ५ रेक लागतात. पण फेरा १२० मिनिटांवर आणता आला, म्हणजे दोन्ही टोकांचे थांबे पाच-पाच मिनिटांनी कमी झाले, तर ४ रेकमध्ये भागतं. दहा मिनिटांची किंमत एक पूर्ण रेक. देखभालीसाठी राखीव रेक याशिवाय.

पेणला गाडी परत फिरवायची तर तिला पंधरा मिनिटं उभं राहायला फलाट हवा, आणि तोही मागून येणाऱ्या मांडवी किंवा जनशताब्दीसारख्या गाडीची वाट न अडवता. म्हणून पेणच्या यार्डात परतीच्या गाडीसाठी एक स्वतंत्र फलाट-मार्गिका ही मागणी गाडीच्या मागणीइतकीच महत्त्वाची. ती कुणी करत नाही. आणि मग मंजूर झालेली गाडीही ‘पेणला जागा नाही’ म्हणून रोह्यापर्यंत पळवावी लागते, फेरा लांबतो, रेक जास्त लागतात, फेऱ्या कमी होतात.

रुळावर जागा आहे का

मार्गाची क्षमता काढायची साधी रीत रेल्वेत रूढ आहे. दिवसाची १४४० मिनिटं घ्यायची. सर्वांत अवघड ब्लॉक विभागात, म्हणजे एका वेळी एकच गाडी सोडली जाते अशा रुळाच्या तुकड्यात, सर्वांत हळू गाडीला लागणारा वेळ आणि ब्लॉक मोकळा करून पुढची गाडी सोडायला लागणारा वेळ यांची बेरीज करायची, तिने भागायचं आणि उत्तराला ०.७ ने गुणायचं. समजा मालगाडीला १२ मिनिटं लागली आणि ब्लॉकला ३. मग १४४० भागिले १५ म्हणजे ९६, आणि त्याचे ७० टक्के म्हणजे एका दिशेला दिवसाला सुमारे ६७ गाड्या.

दिवसाचा आकडा बरा दिसला तरी लोकलला दिवस नको असतो, सकाळचे तीन तास हवे असतात. या हिशेबाने दर १५ मिनिटांना एकच गाडी, म्हणजे तासाला चार. त्यात कोकण रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, दिवा–सावंतवाडी आणि दिवा–रत्नागिरी, थळच्या आरसीएफ खत कारखान्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालगाड्या. उरलेल्या जागेत मेमू. दोन स्थानकांच्या मध्ये एक इंटरमीडिएट ब्लॉक सिग्नल बसवला की ब्लॉक दुभागतो आणि त्याच रुळावर जागा निर्माण होते. स्वयंचलित सिग्नल बसले तर अंतर आणखी कमी होतं. तिसरी मार्गिका मागण्याआधी हे मागावं. त्याला जमीन लागत नाही.

विभागाची क्षमता आणि प्रत्यक्ष वापर दाखवणारा तक्ता रेल्वेकडे असतो, तोही माहितीच्या अधिकारात मागावा. ‘मार्ग क्षमतेपलीकडे वापरला जात आहे’ असं उत्तर आलं, की पुढचा प्रश्न: कोणत्या दोन स्थानकांमध्ये, आणि तिथे सिग्नलचं कोणतं काम प्रस्तावित आहे?

कोकणाचा एक खास अडथळा इथे आहे. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक चालवते. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर ठेवलं. डोंगरकड्यांच्या भागात वेग कमी केल्याने मुंबईकडे येणाऱ्या गाड्या रोह्याला वेगळ्या वेळी पोचतात. उन्हाळ्यात मोकळी दिसणारी सकाळची ७.१० ची जागा जुलैत एखाद्या एक्सप्रेसखाली गेलेली असते. मग मेमू जित्याला किंवा आपट्याला बाजूला उभी राहते आणि महिनाभरात पासधारक परत मोटरसायकलवर जातात. त्यामुळे सुचवलेली प्रत्येक वेळ दोन्ही वेळापत्रकांवर ताडून बघावी. तसंच गणपतीच्या आधीचे दोन आठवडे: कारखान्यांत काम सर्वांत जास्त, माणसांची ये-जा सर्वांत जास्त, आणि त्याच दिवसांत विशेष गाड्यांनी मार्ग भरलेला. त्या काळात मेमूच्या सकाळच्या दोन आणि संध्याकाळच्या दोन फेऱ्या रोखून धरू नयेत, एवढी ठोस मागणी वेगळी करता येते आणि तिला पैसा लागत नाही.

फलाट, मेमू आणि लोकल

मेमूच्या दारांना पायऱ्या असतात, ती कमी उंचीच्या फलाटावर थांबू शकते. उपनगरी लोकलला उंच फलाट हवा. तिच्या डब्याची फरशी रुळापासून एक मीटरहून वर असते, सखल फलाटावरून म्हाताऱ्या माणसाला किंवा टोपली घेतलेल्या बाईला त्यात चढता येत नाही. रेल्वेच्या परिमाणांनुसार उंच फलाट म्हणजे रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर. मुंबईत फट कमी करण्यासाठी तो पुढे ९०० च्या आसपास नेला गेला, पण जिथून मालगाड्या आणि जास्त रुंदीचा माल जातो अशा मिश्र मार्गावर ८४० पर्यंतचीच मागणी करावी. ती नियमात बसते. बारा डब्यांना सुमारे २७० मीटर लांबी लागते, पंधरा डब्यांना सुमारे ३४०.

फलाट उंच करणं म्हणजे नुसती वर माती टाकणं नव्हे. कडेची भिंत, पादचारी पुलाच्या खालच्या पायऱ्या, उतार, नळ, पाण्याचा निचरा, शेडची उंची, सगळं बदलतं. म्हणून आत्ताच एक मागणी लावून धरण्यासारखी आहे: या सहा स्थानकांवर इथून पुढे फलाटाचं जे कोणतं काम निघेल, ते उंच फलाटाच्या मापानेच व्हावं. आज सखल फलाटाला नवी फरशी बसली, की पुढची कित्येक वर्षं ‘नुकतंच काम झालं आहे’ हे उत्तर ऐकावं लागतं.

मेमू घ्यायची की लोकलसाठी अडून बसायचं, यावर प्रवासी संघटनांत मतभेद होतात आणि ते समजण्यासारखे आहेत. वसई–दिवा मार्ग दाट वस्तीतून जातो, तरी तिथे वर्षानुवर्षं मेमूच आहे. मेमू पत्करली की लोकल कायमची गेली, ही भीती पोकळ नाही. तरीही आमचं मत मेमूच्या बाजूने आहे. प्रवासी आकड्यात दिसायला हवा तर तो आधी गाडीत बसायला हवा. दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या फेऱ्यांवर ‘मागणी’ कधीच सिद्ध होत नाही. फक्त मेमूच्या फेऱ्या मागताना त्याच पत्रात उंच फलाट आणि पेणची परतीची मार्गिका लिहावी, म्हणजे मेमू ही पायरी राहते.

डहाणू आणि उरण

विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल १६ एप्रिल २०१३ ला सुरू झाली. पालघर, बोईसर, सफाळ्याच्या प्रवाशांनी ती मोठ्या चिकाटीने मिळवली. पण विरारच्या पुढे मार्गिका दोनच. त्यावरच राजधानी, गुजरातच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या. त्यामुळे दोन लोकलमधलं अंतर मोठं राहिलं आणि एक्सप्रेसला वाट देण्यासाठी लोकल थांबवणं रोजचं झालं. शेवटी एमयूटीपी-३ मध्ये ६४ किलोमीटरचं चौपदरीकरण घ्यावं लागलं. लोकल हे नाव मिळालं, वारंवारता मिळायला नवे रूळ लागले. पेणने यातून घ्यायचं ते हेच की मागणीपत्रात गाडीच्या नावापेक्षा दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटांत लिहावं.

उरणचा मार्ग वेगळी शिकवण देतो. १९९० च्या दशकात ठरलेला हा सुमारे २७ किलोमीटरचा मार्ग, खर्चात सिडको ६७ टक्के आणि रेल्वे ३३ टक्के. खारकोपरपर्यंत गाडी नोव्हेंबर २०१८ मध्ये आली, उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला. जमीन, कांदळवन, परवानग्या यांत वर्षं गेली. पेणला रूळ तयार आहेत, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. म्हणून पेण–अलिबाग प्रवासी रेल्वेची मागणी याच निवेदनात घालू नये. पेणहून थळला गेलेली मार्गिका आरसीएफच्या मालवाहतुकीची आहे, तिथे आधी कंपनीबरोबर करार, मग स्थानकं, मग सुरक्षा तपासणी. दोन्ही एकत्र बांधली की सोपं काम अवघड कामाच्या वेगाने चालतं.

कधी आणि काय

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो आणि रेल्वेच्या कामांची यादी पिंक बुकमध्ये छापली जाते. जानेवारीत निवेदन देऊन काही उपयोग नाही, क्षेत्रीय पातळीवरचे प्रस्ताव त्याआधी काही महिने तयार झालेले असतात. फलाट, सिग्नल, यार्डाच्या मागण्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये पोचाव्यात. खासदारांना लोकसभेत नियम ३७७ खाली विषय मांडता येतो. त्यासाठी त्यांना भाषण लिहून देऊ नये, एक पान द्यावं: तीन आकडे, दोन मागण्या.

ग्रामसभांचे ठराव २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला घेता येतात. ‘लोकल हवी’ एवढाच ठराव पोकळ असतो. हमरापूर किंवा जित्याच्या ग्रामसभेने स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे लावण्याचा, दुचाकी उभ्या करायला जागा देण्याचा ठराव केला, तर रेल्वेला दिसतं की गाव आपला वाटा उचलतंय. संध्याकाळी सातनंतर अंधाऱ्या वाटेने स्थानकावर जावं लागत असेल तर बायका आणि मुली रेल्वेने येणारच नाहीत, गाड्या कितीही असोत.

मार्गात रेल्वे फाटक असेल तर त्याचाही विचार आधी हवा. फेऱ्या वाढल्या की फाटक जास्त वेळ बंद राहतं आणि कालपर्यंत पाठिंबा देणारं गाव उद्या विरोधात उभं राहतं. फाटकावरून रोज जाणाऱ्या गाड्या गुणिले रोजची वाहनं हा आकडा १ लाखावर गेला की उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. तो आकडा मोजून आधीच हातात ठेवावा.

रेल रोको करू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७४ खाली गाडी अडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हे दाखल होतात ते नोकरी शोधणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांवर. पुढची पाच वर्षं पोलीस पडताळणीच्या वेळी तेच भोगतात.

गाडी मिळाली की काम संपत नाही. नव्या फेरीचे पहिले सहा महिने रेल्वे तिची गर्दी पाहते आणि रिकामी दिसली तर वेळ बदलते किंवा फेरी काढून घेते. प्रत्येक स्थानकावर एकाने रोज गाडी आलेली वेळ, निघालेली वेळ आणि चढलेली माणसं वहीत लिहावीत. महिन्याच्या शेवटी त्याची एक प्रत विभागीय कार्यालयाला जावी. लोकांनी एकेरी तिकिटाऐवजी पास काढावा, कारण पास त्या स्थानकाच्या खात्यावर कायम दिसतो. आणि पनवेलला संध्याकाळची जोड तपासत राहावं. सकाळची जोड चुकली तर माणूस पुढची हार्बर पकडतो. संध्याकाळी बेलापूरहून आलेली लोकल चार मिनिटं उशिरा पोचली आणि पेणची मेमू सुटून गेली, तर पुढची पाऊण तासाने. असं आठवड्यात दोनदा झालं की तो प्रवासी तुटतो. मेमूची सुटण्याची वेळ पाच मिनिटं पुढे सरकवणं विभागीय पातळीवर, एका अर्जावर होऊ शकतं, आणि त्या अर्जाला जोडायला वहीतली पंधरा दिवसांची पानं पुरतात.